कणीक जास्त झाली

अंबाजोगाईच्या पुढे, बालाघाटाच्या माथ्यावरचं एक लहान गाव. पौषातली दुपार, देवळाच्या ओसरीत अर्ध्यापर्यंत आलेलं ऊन, पलीकडे रानात काढणीला आलेली तूर. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भरलेली कळशी डोक्यावर घ्यावी तसा हेडफोन दोन्ही हातांनी सावकाश चढवला. आबा मृदंगी. पंचक्रोशीतल्या सप्त्यांमध्ये चाळीसेक वर्षं पखवाज वाजवलेला माणूस. ऐकवायचं होतं ते त्यांचंच वादन. तीन आठवड्यांपूर्वी दत्तजयंतीच्या सप्त्यात, याच देवळात, पखवाजाच्या डाव्या अंगाला हातभर अंतरावर छोटा रेकॉर्डर ठेवून घेतलेलं. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, डावा हात मात्र हवेत तसाच थांबला. दीड मिनिट झालं असेल. मग एका कानावरचा कप बाजूला सारून म्हणाले, "कणीक लई झालीय ओ. म्या एवढी लावली नव्हती."

एवढंच बोलले आणि परत ऐकायला लागले.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर उजवीसारखी कायमची शाई नसते. वाजवायच्या आधी गव्हाची कणीक भिजवायची, मऊसर गोळा करायचा आणि पुडीच्या मधोमध थापायचा. ओल्या बोटांनी पुरीएवढा पसरवायचा, एक थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप, पुन्हा चिमूटभर लावायची. उजवी पुडी गठ्ठे ठोकून सुरात आणतात. डावी या कणकेने खालच्या सप्तकात बसवतात. कमी पडली तर डावी बाजू रिकाम्या डब्यासारखी वाजते. जास्त झाली तर थाप दबते, नुसता घुमारा पसरतो आणि पुढच्या बोलावर सांडतो. कीर्तन संपलं की सगळी खरवडून काढायची, नाहीतर पुडी सडते आणि रात्रीत उंदीर लागतात. म्हणजे जुळवणी रोज नवी, आणि मोजायला कानाशिवाय काही नाही.

आबांचं वाक्य महिनाभर डोक्यातून गेलं नाही त्याचं कारण असं, की त्या हेडफोनवर तेव्हा ईक्यू चालू होता. ईक्यू म्हणजे इक्वलायझर, आवाजाच्या निरनिराळ्या पट्ट्या लहान-मोठ्या करणारं सॉफ्टवेअर. दहा फिल्टरचा. त्यातला पहिलाच १०५ हर्ट्झचा लो शेल्फ, म्हणजे साधारण तिथपासून खालची सगळी पट्टी एकदम उचलणारा फिल्टर, अधिक ६ डीबी (डेसिबल). ईक्यू हा शब्द आबांच्या कानावरून कधी गेलेला नाही, आणि त्यांनी नेमकं त्याच फिल्टरवर बोट ठेवलं.

खरं म्हणजे कणीक आणि शेल्फ ही एकसारखी कामं नव्हेत. कणकेने पुडीचं वजन वाढतं आणि सूरच खाली उतरतो. मधोमध वजन दिलेल्या आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत कसे बसतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताला ते आधीपासून ठाऊक होतं. ईक्यू सुराला हात लावत नाही. ज्या कंपनसंख्येला फिल्टर लावला तिथला आवाज लहान किंवा मोठा करतो, बस. पण धाच्या खालच्या घुमाऱ्याला ६ डीबी चढवले आणि वरची थाप आहे तिथेच ठेवली, तर कानाला जे ऐकू येतं ते जास्त कणकेसारखंच. घुमारा पुढे, थाप मागे. कानाला दोघांतलं प्रमाण कळतं, आणि आबांनी प्रमाणाबद्दलच तक्रार केली होती.

हा शेल्फ तिथे आला कुठून, ते सांगायला हवं. हेडफोन होता सेनहायजरचा एचडी ६००, १९९७ सालापासून चालत आलेला, उघड्या पाठीचा, ३०० ओहमचा. माणसाचा गळा त्याच्यातून जसा येतो तसा फार थोड्या हेडफोनमधून येतो. पण उघड्या पाठीच्या बहुतेक डायनॅमिक हेडफोनसारखाच साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली तो गळायला लागतो. डायाफ्रामच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याच्या, पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळते आणि खालचा जोर विरतो. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी साधारण २०१२ पासून श्रोत्यांना निरनिराळ्या जुळवण्या ऐकवून, कुठली बरी वाटते ते विचारून, कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज असावा याचा एक आदर्श आलेख तयार केला. त्याची कानावरच्या हेडफोनसाठीची २०१८ची आवृत्ती आज सगळ्यात जास्त वापरात आहे. चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरसमोर बसल्यावर कानाशी जे पोचतं त्याच्या जवळ जाणारा हा आलेख आहे, आणि खोलीत बेस वाढतोच, म्हणून त्यात १०५ हर्ट्झच्या खाली उंचवटा आहे. एचडी ६००ला त्या आलेखावर आणायचं तर पहिला फिल्टर सहाच्या आसपासचा लो शेल्फच निघतो. तयार प्रीसेटची, म्हणजे कोणी आधीच मोजून मांडलेल्या फिल्टरच्या संचांची, यादी उघडा, तो तिथे बहुधा असतोच.

लो शेल्फच्या आकड्याबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करतो. १०५ हर्ट्झ, ६ डीबी म्हणजे १०५ला सहा डीबी वाढले असं नाही. १०५ हा उताराचा मध्य. क्यू, म्हणजे उतार किती तीव्र ते सांगणारा आकडा, ०.७ असेल तर तिथे तीनच डीबी मिळतात, चाळीसच्या खाली जवळपास पूर्ण सहा, आणि २१० हर्ट्झला अर्धा डीबीसुद्धा उरत नाही. त्यामुळे पुरुषी आवाजाला गाभा हवा म्हणून कोणी हा शेल्फ चढवत असेल तर हाती काही लागत नाही. तो गाभा दीडशे ते तीनशेच्या पट्ट्यात असतो. शेल्फ हलवतो तो पखवाजाची डावी बाजू, डग्गा, तानपुऱ्याचा खर्ज, देवळाच्या सभामंडपातली घुमणारी हवा.

त्याच संशोधकांनी पुढे श्रोत्यांचे गट पाडले तेव्हा ६४ टक्के लोकांना हरमन आलेख आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. कमी बेसवाल्यांत पन्नाशी ओलांडलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे आदर्श आलेखापाशीच शंभरातले छत्तीस जण वेगळ्या दिशेला तोंड करून उभे आहेत. प्रीसेट लावून बेस फुगल्यासारखा वाटला तर कान बिघडलाय असं समजायचं कारण नाही. शेल्फ एकेक डीबीने खाली आणावा, दर वेळी दोन-तीन ओळखीच्या चिजा पूर्ण ऐकाव्यात, आणि थाप व घुमारा वेगवेगळे न ऐकू येता एकाच हाताखालून निघाल्यासारखे वाटले की थांबावं. एचडी ६००वर काही जणांचं हे थांबणं सहाच्या बरंच खाली होतं. सहावर थांबणारेही आहेत आणि त्यांचंही बरोबरच असतं.

तयार प्रीसेट घेणं सोपं झालंय हे फार चांगलं झालं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. पीस नावाचा मुखवटा वर बसवला की फाइलीत हाताने लिहायची गरज राहत नाही. अँड्रॉइडवर वेव्हलेटमध्ये ऑटोइक्यू या प्रकल्पातल्या प्रीसेटची भलीमोठी यादी आतच असते, मॉडेल शोधायचं आणि चालू करायचं. एकेक फिल्टर स्वतः लिहायचा तर पॉवरअँपचं इक्वलायझर अ‍ॅप बरं. पण लावलं म्हणजे लागलंच असं नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. इक्वलायझर एपीओ बसवताना ज्या उपकरणावर खूण केली त्यावरच ते चालतं; उद्या नवा डोंगल (हेडफोनसाठीची छोटी यूएसबी जोडणी) खोचला तर त्याच्यावर वेगळी खूण करावी लागते. प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड किंवा एएसआयओ (दोन्ही विंडोजचा नेहमीचा आवाजाचा रस्ता टाळणारे) चालू असेल तर आवाज ईक्यूला वळसा घालून थेट बाहेर जातो. फोनवर काही प्लेअर स्वतःचा यूएसबी रस्ता वापरतात, तिथेही तेच. आठवडाभर ऐकून "ईक्यूने फार फरक पडला" म्हणणाऱ्याचा ईक्यू बंदच होता, असं घडतं. म्हणून पहिली परीक्षा ही : ईक्यूतला प्रीअँप, म्हणजे सगळाच आवाज एकदम खाली-वर करणारा आकडा, उणे ३० करा. आवाज कुजबुजीवर आला तर ईक्यू चालू आहे.

प्रीअँप हा भाग लोक विसरतात, आणि मग पखवाजाच्या धावर चरचर येते. डिजिटल आवाजाला शून्य डीबीचं छत आहे. आजची बहुतेक रेकॉर्डिंग आधीच त्या छताला टेकलेली असतात. त्यात कुठल्याही जागी सहा डीबी चढवले की शिखरं कापली जातात, कारण सहा डीबी म्हणजे लाटेची उंची दुप्पट. तेव्हा आधी सगळाच आवाज तेवढा खाली घ्यायचा. किती? सगळ्या फिल्टरचे आकडे जोडून नव्हे. सगळे मिळून जी एक वक्ररेषा बनते तिचं सर्वांत उंच टोक बघायचं आणि तेवढं उणे करायचं, वर अर्धा डीबी मोकळा ठेवायचा. दोन शेजारचे फिल्टर एकमेकांवर चढले की टोक अपेक्षेपेक्षा उंच जातं. म्हणून आलेख डोळ्यांनी बघूनच आकडा टाकावा.

याची किंमतही असते. कंपनीच्या आकड्यानुसार एचडी ६०० एका व्होल्टला ९७ डीबी देतो. एक व्होल्टचा साधा डोंगल लावला आणि प्रीअँप उणे सहा घेतला की शिखरं ९१वर येतात. दाबून सपाट केलेल्या चित्रपटगीताला तेवढं पुष्कळ झालं. ख्यालाची मैफल मात्र शिखरांच्या पंधरा-वीस डीबी खाली चालते, म्हणजे सरासरी सत्तरीला टेकते, आणि विलंबित आलापात आवाज पूर्ण वर नेऊनही हात बटणावरच राहतो. अशा वेळी दोष ईक्यूचा नसतो, मागे ताकद हवी असते. दोन व्होल्टचा डोंगल घेतला की ते सहा डीबी परत मिळतात.

आता आबांच्या वाक्याकडे. सहाचा आकडा प्रीसेटचा होता हे खरं, पण तो तसाच राहू दिला होता मे महिन्यात ऐकून. आणि मे महिना म्हणजे कूलर.

ज्यांनी लातूर-परभणीकडचा उन्हाळा काढलाय त्यांना कूलरबद्दल सांगायला नको. पारा बेचाळीसवर, खिडकीला लोखंडी पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पंपाचं पाणी झिरपतंय, पंखा घरघरतोय. त्या ओल्या गवताचा वास खोलीभर. फोनवरच्या आवाजमापकात आकडा साठीच्या घरात दिसतो आणि त्यातला बराचसा आवाज खालच्या पट्टीतला, न थांबणारा. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये थोडा अडतो. उघड्या पाठीचा हेडफोन म्हणजे कानाला जाळीच लावलेली. कूलर सरळ आत येतो आणि तानपुऱ्याच्या खर्जावर, पखवाजाच्या घुमाऱ्यावर बसतो. कानाला वाटतं, बेस कमी आहे. हात शेल्फकडे जातो. सहा डीबीसुद्धा बेताचेच वाटतात. मग दुपारी वीज जाते. कूलरचा पंखा गोल फिरत मंदावतो, टपटप ऐकू येते, लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो, आणि पुढच्या समेवर डग्गा असा अंगावर येतो की माणूस दचकतो. काहीच बदललेलं नसतं. फक्त खोली गप्प झालेली असते. त्या दहा-पंधरा मिनिटांत, घाम मानेवरून उतरत असताना, खरा ईक्यू ऐकू येतो, आणि वीज आली की आपण तो विसरून जातो.

मे महिन्यातली कणीक पौषात आबांच्या कानावर थापली होती.

त्यानंतरचा उपाय साधा आहे : दोन फायली. एक उन्हाळी, शेल्फ साडेपाच-सहा. एक थंडीतली, साडेतीन. बाकी फिल्टर तेच. पीसमध्ये दोन्हींना कळफलकावरची एकेक कळ देता येते. उन्हाळी फाइलबरोबर एक पथ्य मात्र पाळावं. कूलरवर मात करायला आवाज वाढवत नेला की कान कधी भरले ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं माप आठवड्याला ४० तास, ८० डीबी असं आहे, आणि तीन डीबी वाढले की तास निम्मे होतात. तासभर ऐकायचं असेल तर कूलर बंद करून, ओला पंचा मानेवर टाकून ऐकावं. सकाळी सहाची वेळ त्याहून चांगली.

प्रीसेट ज्या हेडफोनवरून मोजला त्याच्या गाद्या नव्या होत्या हेही लक्षात ठेवावं लागतं. आपल्याकडे घाम आहे, धूळ आहे, आणि डोक्याला तेल आहे. वर्ष-दीड वर्षात मखमली गादी चपटते, कान ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाच्या, जवळ सरकतो, आणि आवाजाचा रंग बदलतो, विशेषतः वरच्या पट्टीत. अशा हेडफोनवर कितीही नेमका प्रीसेट लावला तरी तो दुसऱ्याच हेडफोनचा असतो. नव्या गाद्या घालून मग ईक्यूला हात लावावा, आणि गाद्या कंपनीच्या मूळ जातीच्याच घ्याव्यात. कातडी गादी घातली की पूर्ण आलेखच वेगळा होतो. चष्म्याची काडी गादीखालून गेली तर फट पडते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये त्या फटीतून बेस अक्षरशः वाहून जातो, पाच-सात डीबीसुद्धा, आणि चष्मेवाला माणूस तो शेल्फने भरून काढायला बघतो. चष्मा काढून एकदा ऐकावं. फरक जाणवला तर आधी काडीचा बंदोबस्त.

तुलना करायची रीतही शिकून घ्यावी लागते, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. माणसाच्या कानाला दोनांतला मोठा आवाज चांगला वाटतो. अर्ध्या डीबीचाही फरक असेल तरी. ईक्यू बंद केला की प्रीअँपही बंद होतो, आवाज सहा डीबीने उसळतो, आणि ईक्यूशिवायच बरं वाटतं. म्हणून 'बंद'चीही एक फाइल करायची, तिच्यात फिल्टर एकही नाही पण प्रीअँप आहे. मग एखादा एकटा गळा लावायचा, साथ नसलेला, आणि दोन्ही फायलींत तो गळा सारखाच मोठा ऐकू येईपर्यंत बंदवाल्या फाइलचा प्रीअँप थोडा खाली-वर करायचा. एवढं झाल्यावर तुलना सुरू. दर पाच सेकंदांना कळ दाबत बसू नये. एक पूर्ण अभंग एका फाइलवर, तोच पुन्हा दुसरीवर.

खालचं झालं की वरचं. इथे पखवाज कामाचा नाही, टाळ लागतात. वीस टाळकरी एका ठेक्यात आले की तीन हजारांपासून दहा हजार हर्ट्झपर्यंत काशाचा पाऊस पडतो, आणि हेडफोनच्या वरच्या पट्टीत कुठे टोक असेल तर ते तिथेच झोंबतं. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९०ला आठ हजारांपाशी असा उंचवटा आहे. सेनहायजरच्या पहिल्या एचडी ८००ला सहा हजारांपाशी होता. तीन हजारांचा उंचवटा मात्र कापायला जाऊ नये. कानाची नळी अडीच सेंटिमीटरची, तिचा स्वतःचाच नाद तीन हजारांच्या आसपास घुमतो, म्हणून चांगल्या हेडफोनच्या मोजणीत तिथे दहा-बारा डीबीचा डोंगर असतोच. नवीन माणूस कच्चा आलेख बघतो, डोंगर सपाट करतो, आणि गायक शेजारच्या खोलीत जाऊन बसतो.

आठ हजारांच्या वर मात्र कुठलाही प्रीसेट डोळे मिटून घेऊ नये. तो यंत्राच्या रबरी कानावर मोजलेला असतो आणि तुमच्या कानाची पाळी, वळणं, नळीची लांबी वेगळी. हेडफोन बोटभर पुढे-मागे झाला तरी तिथली टोकं आणि खड्डे जागा बदलतात. हा भाग स्वतःच करावा लागतो आणि करता येतो. स्वर काढणारं कुठलंही अ‍ॅप घ्यावं, आवाज अगदी लहान ठेवावा, चार हजारांपासून दहा हजारांपर्यंत सावकाश सरकावं. कानाची संवेदना प्रत्येक जागी सारखी नसतेच, त्यामुळे संथ चढ-उतार ऐकू येणार. ते सरळ करत बसू नये. शोधायची आहे ती अचानक उगवणारी जागा, शेजाऱ्यांपेक्षा एकदम तीक्ष्ण, सुईसारखी. आकडा लिहून घ्यावा. हेडफोन काढून, परत घालून, पुन्हा सरकावं. तीन वेळा तीच जागा आली तर ती खरी. तिथे पीक फिल्टर (तेवढ्याच जागेपुरता चालणारा), क्यू चार ते पाच म्हणजे अरुंद, उणे तीन डीबी. मग टाळ लावून ऐकावं. काशाची कड राहिली पाहिजे, दातात कळ येता कामा नये. टाळ लाकडासारखे झाले तर कापणं जास्त झालं, उणे दोनवर या. दर वेळी वेगळी जागा आली तर ती बसण्याची चूक समजावी, आणि फिल्टर लावूच नये.

खड्डे भरण्याच्या फंदात पडू नये. अरुंद खोल खड्डा बहुतेकदा कपाच्या आत दोन लाटा एकमेकींना खोडतात म्हणून पडतो. तिथे आठ डीबी ओतले तरी दोन्ही लाटा वाढतात आणि खोडणं चालूच राहतं. हातात राहतो फक्त मोठा उणे प्रीअँप. तसंच अगदी खालचं. उघड्या पाठीच्या डायनॅमिक हेडफोनकडून तीस हर्ट्झला फार मागितलं की डायाफ्राम पुरी धाव घेतो आणि विकृती वाढते, घुमाऱ्याच्या तळाशी फाटकं कापड फडफडल्यासारखी. प्लॅनर, म्हणजे सपाट मोठ्या पडद्याचे, हेडफोन हे ओझं पेलतात. एचडी ६००ला पेलवत नाही. मला विचाराल तर त्याला खाली एवढा ताणूच नये. त्याच्याकडे गळा आहे, आणि तो गळा सांभाळून जेवढा घुमारा मिळेल तेवढा घ्यावा.

आणखी एक गोष्ट उरत होती. रेकॉर्डर डाव्या पुडीपासून हातभर अंतरावर होता, आणि त्याचे माइक एका दिशेचं जास्त ऐकणारे. असा माइक जवळ नेला की खालची पट्टी आपोआप फुगते. म्हणजे एक थर कणीक रेकॉर्डिंगमध्येच होता, त्यावर दुसरा थर ईक्यूचा. मोह होतो की हेडफोनच्या फाइलीतच दोन्हींचा हिशेब मिटवावा. तसं केलं तर हे एक रेकॉर्डिंग सुधारतं आणि बाकी सगळा संग्रह पातळ वाजतो. रेकॉर्डिंगचा दोष रेकॉर्डिंगच्या प्रतीत काढायचा, हेडफोनचा हेडफोनच्या फाइलीत, आणि दोघांची गाठ घालायची नाही. प्रतीवर ११० हर्ट्झला लो शेल्फ, उणे अडीच डीबी, एवढं पुरलं. मूळ फाइल तशीच ठेवली.

माघात पुन्हा त्या ओसरीवर गेलो. तूर निघून गेली होती, रानात हरभरा वाळत होता. थंडीतली फाइल, शेल्फ साडेतीन, रेकॉर्डिंगची नवी प्रत. आबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली, हेडफोन चढवला, डोळे मिटले. उजवा हात लगेच चालू झाला. डावा थोडा वेळ वर राहिला आणि मग हळूच गुडघ्यावर उतरला. पाच-सहा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मग डोळे न उघडता म्हणाले, "ही शेवटाकडची हाय. सुकलीय कणीक."

लॅपटॉपवर पाहिलं. दोन तासांच्या कीर्तनातला एक तास चाळिसाव्या मिनिटापासूनचा तुकडा लागला होता. कणीक वाजता वाजता वाळते, हलकी होते, सूर चढायला लागतो, थाप कडक होते. मृदंगी मध्येच ओलं बोट फिरवून ती जागेवर आणतो. मागच्या खेपेलाही हाच तुकडा ऐकवला होता. तेव्हा हा वाळलेपणा त्या सहा डीबींच्या खाली गाडला गेला होता.

"सुरुवातीचं लावता का?" आबा म्हणाले.

लावलं. मंगलाचरण, मग पहिली चाल, मग पखवाज आत आला, ओला, गोल. आबांनी शेजारच्या तांब्यात डाव्या हाताची बोटं बुडवली आणि ओल्या हाताने गुडघ्यावर धा मारला.